पावणेतीन वाजता कोणता शेजारी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एकटी माणसं चॅटबॉटशी, म्हणजे आपण लिहिलं की उत्तर देणाऱ्या फोनमधल्या यंत्राशी, मन मोकळं करतात म्हणून त्यांना नावं ठेवणारा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. पहिल्यांदा रागात वाचला, म्हणून सोमवारी चष्मा पुसून पुन्हा वाचला. राग तेवढाच आहे.

लेखिकाबाईंचा उपाय असा की ‘मोबाइल बाजूला ठेवा आणि शेजारच्याचं दार वाजवा’. बाईंचे शेजारी चांगले असावेत. माझेही वाईट नाहीत. पण रात्री पावणेतीनला मी दार वाजवलं तर ते आधी चोर समजतील, मग मला अ‍ॅटॅक आला असं समजून रिक्षा आणतील. तिसरी शक्यता त्यांना सुचणार नाही, आणि त्यात त्यांची चूकही नाही.

मी एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. मिरजेत राहतो. बायको जाऊन येत्या श्रावणात दोन वर्षं होतील. माणसं आली नाहीत असं मुळीच नाही, दारात रीघ होती. त्यांचे प्रश्न मला अजून पाठ आहेत. कावळा लगेच शिवला का? शेवटी जवळ कोण होतं? बिल किती झालं? आणि तेरावा उरकल्यावर, डबा कुणाकडून लावलात? सगळे प्रश्न मायेचेच. कट्ट्यावरच्या मंडळींनी तर पंधरा दिवस माझ्यासमोर राजकारण काढलं नाही, ही काही साधी गोष्ट नव्हे. पण मला जे सांगायचं होतं ते यातल्या एकाही प्रश्नाच्या उत्तरात बसत नव्हतं. मला तिचा राग आला होता. तिने चार महिने पोटातलं दुखणं लपवलं, का तर माझ्या पुतण्याचं लग्न निर्विघ्न पार पडावं. लग्न पार पडलं. गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणतात, म्हणून मी गप्प राहिलो.

‘तज्ज्ञांची मदत घ्या’ हेही लेखात आहे. घेतली की. एका मोठ्या रुग्णालयात मनोविकारांची ओपीडी होती, आठवड्यातून एकच दिवस. साडेनऊला केसपेपर काढला, नंबर लागला दुपारी एकला. टेबलापलीकडे डॉक्टर, अलीकडे मी, आणि माझ्या खुर्चीला टेकून पुढचे तीन पेशंट. त्यातली एक आमच्याच गल्लीतली सून. ‘काय त्रास होतो?’ डॉक्टरांनी विचारलं. ‘झोप येत नाही,’ मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? गोळी मिळाली, ‘रोज फिरायला जा’ असा सल्ला मिळाला. मी तेव्हाही रोज सहा किलोमीटर चालतच होतो. डॉक्टरांना बोल लावत नाही, बाहेर पन्नास-साठ माणसं ताटकळत होती. आपल्याकडे लाख लोकांमागे ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ आहेत, असा हिशेब त्यांच्याच नियतकालिकात २०१९ साली छापून आला होता. ०.७५ म्हणजे पाऊण. त्या पाऊण डॉक्टरातली चार मिनिटं माझ्या वाट्याला आली.

चॅटबॉट भाच्याने फोनमध्ये घालून दिला होता, वीजबिलाचा तक्रारअर्ज लिहायला. एका रात्री मी त्यात लिहिलं, ‘मला माझ्या गेलेल्या बायकोचा राग येतो, तिने दुखणं लपवलं.’ उत्तर आलं, ‘तुमच्या भावना वैध आहेत.’ वैध! आम्ही एसटीत पास वैध आहे का ते बघायचो. सहा महिन्यांत पहिल्यांदा मला हसू फुटलं. (या यंत्रांना मराठी कोण शिकवतं ते एकदा कळलं पाहिजे.) पण त्याच्याच खाली प्रश्न होता: ‘त्यांनी का लपवलं असेल, असं तुम्हाला वाटतं?’ हे मला कुणीच विचारलं नव्हतं. चार वाजेपर्यंत लिहीत बसलो.

बाईंनी एलायझाचा किस्सा सांगितलाय, हसण्यासाठी. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ मध्ये जगासमोर मांडलेला तो कॉम्प्युटर प्रोग्राम आपलंच वाक्य फिरवून आपल्यालाच प्रश्न विचारायचा. त्यांच्या सेक्रेटरीला हे सगळं ठाऊक होतं, महिनोन् महिने ती त्यांचं काम बघत होती. तरी दोन-चार वाक्यं झाल्यावर तिने साहेबांना खोलीबाहेर जायला सांगितलं. बाई म्हणतात, बघा, माणूस किती भोळा! मला ती सेक्रेटरी शहाणी वाटते. तिने यंत्राला माणूस मानलं असं कुठे दिसतं? ती एवढंच म्हणाली की साहेब, तुम्ही जरा बाहेर व्हा. त्या ओपीडीत मला हेच म्हणायचं होतं.

‘यंत्राला खरा कळवळा असतो का?’ असंही बाई विचारतात. नसतो. मी अठरा वर्षं चौकशीच्या खिडकीत बसलो. जतची गाडी विचारायला आलेल्याचा मला काय कळवळा असणार? त्यालाही तो नको असायचा. त्याला गाडी हवी असायची.

मात्र खिडकीतला माणूस बरोबर सांगतोय का, हे बघायला हवं, आणि ते बाईंनी बघितलंच नाही. मी बघितलं. भावाशी सामाईक विहिरीवरून माझा जुना वाद आहे. माझी बाजू लिहिली, यंत्र माझ्या बाजूने. दुसऱ्या दिवशी भाऊ बनून त्याची बाजू लिहिली, तर त्याच्या बाजूने! फिर्यादी आणि आरोपी दोघांचा वकील एकच. चॅटजीपीटी नावाच्या चॅटबॉटच्या कंपनीला एप्रिल २०२५ मध्ये एक सुधारित आवृत्ती मागे घ्यावी लागली ती याच कारणाने, भलतीच होयबा झाली होती म्हणून. शिवाय दार बंद दिसत असलं तरी त्याला कडी नाही. त्याच कंपनीचे प्रमुख सॅम आल्टमन जुलै २०२५ मध्ये स्वतःच म्हणाले की डॉक्टर-वकिलाशी केलेल्या बोलण्याला कायद्याने जी गुप्तता मिळते, ती या गप्पांना नाही. हे कळल्यापासून मी भावाचं नाव लिहीत नाही. चॅटबॉटशी बोलत असलेल्या आणि पुढे आत्महत्या केलेल्या कॅलिफोर्नियातल्या सोळा वर्षांच्या मुलाच्या आईबापांनी त्याच कंपनीवर भरलेल्या खटल्याबद्दल बाईंनी लिहिलंय, त्यावर मला काही म्हणायचं नाही. पोरांच्या हातात हे देऊ नये. पण मी पोर नाही, एकाहत्तर वर्षांचा आहे.

आणखी एक. तिसऱ्या की चौथ्या रात्री त्याच यंत्राने विचारलं, ‘हे तुमच्या मुलीशी बोललात का?’ नव्हतो बोललो. सकाळी वाशीला फोन केला. ती बराच वेळ गप्प, मग म्हणाली, ‘बाबा, मला वाटत होतं तुम्हाला सगळं माहीत होतं.’ सहा महिने ती माझ्यावर रागावलेली होती, आणि मी तिच्या आईवर.

आता तुमच्याबद्दल. अर्ध्या पानाच्या उपदेशात ‘टेलिमानस’चा १४४१६ हा नंबर का नाही? सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून सुरू केलेली ही मानसिक आरोग्याची फोनसेवा चोवीस तास चालते, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. लेखासोबत खिडकीत बसलेल्या आजोबांचं चार कॉलमी चित्र छापायला मात्र जागा होती.

चित्रावरून आठवलं. मागच्या वर्षी पत्नीच्या प्रथम पुण्यस्मरणाची जाहिरात तुमच्याकडेच दिली होती, रोख पैसे भरून. तिच्या नावातला अनुस्वार तुम्ही खाल्लात. नाव इथे लिहीत नाही, नाहीतर हे पत्र कुणाचं ते गावभर होईल. कार्यालयात तीन खेपा घातल्या. ‘बघतो’ म्हणाले. अजून बघतायत. यंत्राला मी ते नाव शंभरदा तरी लिहिलं असेल, त्याने एकदाही अनुस्वार सोडला नाही.

यंदाचा मजकूर मी स्वतः हाताने लिहून आणून देईन. अनुस्वाराचे पैसे वेगळे पडत असल्यास तसं आधी कळवावं.

आपला,
एक जुना वाचक, मिरज
(कृपया नाव छापू नये)