परवानगी पोहोचली, तेव्हा परिषद संपून अकरा दिवस झाले होते

प्रति,
मा. मंत्री महोदय,
उच्च व तंत्रशिक्षण, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. गेल्या बुधवारी शिपाईमामांनी माझ्या हातात एक लिफाफा ठेवला. आत परदेशातल्या परिषदेला जाण्यासाठीचं ना-हरकत पत्र होतं. ‘शासनावर कोणताही आर्थिक भार पडणार नाही या अटीवर’ हे त्यात ठळक अक्षरांत छापलेलं होतं. परिषद संपून अकरा दिवस झाले होते. अट तंतोतंत पाळली गेली, हे आपणांस नम्रपणे कळवते.

अर्ज मी साडेचार महिने आधी केला होता. प्राचार्यांनी त्याच दिवशी सही केली. संस्थेच्या कार्यालयात तो तीन आठवडे मुरला. वरच्या कार्यालयाने निमंत्रणाची मूळ प्रत मागितली. अहो, निमंत्रण ई-मेलने येतं, त्याची मूळ प्रत कुठून आणू? मग प्रिंट काढली, तिच्यावर ‘सत्यप्रत’ शिक्का मारून घेतला. मग माझा विषय माझ्या अध्यापनाशी संबंधित असल्याचं विभागप्रमुखांचं प्रमाणपत्र हवं झालं. विभागप्रमुख मीच. मी माझ्याबद्दल मलाच प्रमाणपत्र दिलं, आणि ते चाललं! मग टेबल सांभाळणाऱ्यांची बदली झाली. नवे साहेब म्हणाले, फाइल बघावी लागेल. बघितली असावी.

तिकिटाचे पैसे पतपेढीतून उचलले होते. हप्ता या महिन्यापासून पगारातून कापला जातोय. व्हिसाची फी परत मिळत नाही. बॅग अजून कपाटावर आहे, ती खाली काढायचं धाडस होत नाही. तिथल्या ज्या प्राध्यापिकेने मला बोलावलं होतं, तिने माझं पोस्टर स्वतः छापून भिंतीवर लावलं आणि फोटो पाठवला. लोक वाकून वाचताहेत आणि शेजारी उभं राहून सांगायला कुणी नाही. तो फोटो मी स्टाफरूममध्ये दाखवला नाही.

विषय काय होता, हेही ऐकाच. आमच्या मागच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, काही वनस्पती उन्हाळ्यात वाळून कोळपतात, मेल्यातच जमा. पहिला पाऊस पडला की त्याच पानांत पुन्हा हिरवा रंग भरतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी पश्चिम घाटात अशा ६२ जाती नोंदवल्या आहेत. अवर्षणात तग धरणारी पिकं हवी असतील, तर या झाडांचं गुपित कळायला हवं, म्हणून जगाचं लक्ष इकडे आहे. त्या बाईंनी माझा निबंध वाचून आपणहून लिहिलं होतं. त्यामागे ना करार होता, ना फ्लेक्स.

करारही आहेत म्हणा. आमच्या महाविद्यालयाचे परदेशी विद्यापीठांशी पाच सामंजस्य करार आहेत. ‘आंतरराष्ट्रीय कक्षा’ची समन्वयक मीच, म्हणून खात्रीने सांगते. पाच वर्षांत तिकडून एकही माणूस आला नाही, इकडून एकही गेला नाही. पण महाविद्यालयांचं मूल्यांकन करून गुण देणाऱ्या नॅकच्या तिसऱ्या निकषात करार ‘कार्यरत’ दाखवावे लागतात. मग वेबिनार होतो, स्क्रीनशॉट निघतो, अहवाल बसतो. एका फ्लेक्सवर तर समोरच्या विद्यापीठाचं नावच चुकलं होतं. हे अहवाल मी लिहिले आहेत, महोदय. रात्री जागून, चांगल्या भाषेत. त्याचे गुण मिळाले. पाप माझंही आहे. संस्थाचालकांचा परदेशस्थ भाचा व्हिडिओवर दहा मिनिटं बोलला की आमच्याकडे परिषद आंतरराष्ट्रीय होते. पैसे भरले की आठवड्यात निबंध छापणारी ‘इंटरनॅशनल’ नियतकालिकं तर आहेतच. बऱ्या-वाईटाची निवड करणारी विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) ‘केअर’ यादी होती, ती २०२५ मध्ये बंद केली. आता ज्याने त्याने पारखून घ्यायचं.

माझ्या विभागात चार पदं मंजूर आहेत, भरलेलं एक. बाकीचं काम तासिका तत्त्वावर. त्यातला एक मुलगा माझ्यापेक्षा हुशार आहे. सड्यावरच्या गेंद या रानफुलाची कुठलीही जात तो सूक्ष्मदर्शकाखाली झटक्यात ओळखतो. त्याला सुट्टीत पगार नाही. रजा नाही, म्हणून अभ्यासरजाही नाही. त्याच्याकडून जागतिक दर्जाचं संशोधन हवंय आपल्याला!

वनस्पतींचे नमुने परदेशी पाठवायचे, तर परवानगीसाठी जैवविविधता कायदा, २००२. कायदा हवाच, माझी त्याविरुद्ध तक्रार नाही. हळदीचं अमेरिकन पेटंट १९९७ मध्ये माशेलकर सरांनी लढून रद्द करवलं, ते आम्ही वर्गात अभिमानाने सांगतो. पण चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे कुठला अर्ज, कुणाच्या सहीने करायचा, हे सांगणारा एक माणूस तरी विद्यापीठात असावा की नाही? २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात देशी-विदेशी संबंधांसाठी वेगळं मंडळ आहे. यूजीसीने २०२१ मध्ये सांगितलं, आंतरराष्ट्रीय व्यवहारांचं कार्यालय काढा. पाटी मी पाहिली आहे. फोन तीनदा लावला, तिन्ही वेळा परीक्षा विभागात लागला.

आणि तुमचं लक्ष कुठे आहे? जून २०२५ मध्ये मुंबईत थाटात समारंभ झाला. ॲबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया अशा पाच परदेशी संस्थांना इथे शाखा काढण्यासाठी इरादापत्रं दिली. येऊ देत, मला असूया नाही. त्यांच्यासाठी एक शहर उभं राहील आणि इथल्या बाईच्या एका कागदाला साडेचार महिने पुरत नाहीत. परदेशी विद्यापीठाबरोबर संयुक्त पदवी द्यायची, तर २०२२ चा नियम म्हणतो, नॅकचे किमान ३.०१ गुण हवेत, नाहीतर एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीच्या पहिल्या शंभरांत या. एका प्राध्यापकावर चालणाऱ्या विभागांनी ते गुण कसे आणायचे? अर्थात, फ्लेक्स छापून.

कोठारी आयोगाने शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करा असं सांगून साठ वर्षं होत आली. २०२० च्या धोरणाने तोच आकडा पुन्हा छापला. संशोधनावर देश ०.६४ टक्के खर्चतो. २०२३ मध्ये संशोधनाला पैसे पुरवणारं राष्ट्रीय अनुसंधान प्रतिष्ठान आलं, पाच वर्षांत ५०,००० कोटी म्हणे. त्यातले बहुतेक खासगी क्षेत्राने द्यायचे. खासगी क्षेत्र आमच्या सड्यावर येतं, नाही असं नाही. जांभा काढायला येतं. मागच्या वर्षी माझ्या नोंदीतल्या दोन जागा खाणीत गेल्या. त्यांना परवानगी किती दिवसांत मिळाली, हे विचारायची सोय नाही.

मागणं एवढंच. उत्पन्नाच्या दाखल्याला लोकसेवा हक्क कायद्याने मुदत आहे, तशी ना-हरकत पत्रालाही लावा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर परवानगी मिळाली असं धरावं. आणि ती तीन पदं भरा. तो मुलगा पुढच्या जूनपर्यंत थांबेल असं मला वाटत नाही, विमा कंपनीतल्या नोकरीची परीक्षा देतोय.

बाईंचा परवा पुन्हा मेल आला, पुढच्या वर्षी याल का म्हणून. मी आजच अर्ज टाकला आहे.

आपली,
सहायक प्राध्यापक, वनस्पतिशास्त्र

ता. क. हे पत्र ‘योग्य मार्गाने’ पाठवलेलं नाही, याबद्दल माझ्याकडून खुलासा मागवला जाईल. तो मात्र सात दिवसांत हवा असतो.