उंच माउंटसोबत बुटक्या माउंटचं झिरोइंग पत्रक दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
कस्टमर केअर विभाग

विषय: रेड डॉट + उंच माउंट सेट, झिरोइंगची चुकीची माहिती आणि बॉक्समध्ये नसलेली स्टॉप पिन

नमस्कार,

तुमच्याकडून मी रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी नेम धरायची साइट) आणि ती रायफलवर बसवायच्या उंच माउंटचा सेट मागवला, .177 इंची छर्‍याच्या स्प्रिंग एअर रायफलसाठी. उंच माउंटच का घेतलं तर मला मानेचा त्रास आहे आणि चष्मा पण आहे, दस्त्यावर गाल दाबून मान वाकवून नेम धरणं जमत नाही, डोकं सरळ असतानाच ठिपका दिसायला हवा. ते काम माउंट चांगलं करतं. काच स्वच्छ आहे, ठिपका बारीक आहे, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही.

तक्रार आहे ती झिरोइंगच्या, म्हणजे ठिपका जिथे तिथेच छर्रा लागेल अशी साइट जुळवण्याच्या, कागदाबद्दल. त्यावर छापलंय की 10 मीटरवर झिरो करा, मग 25 मीटरपर्यंत परत हात लावायची गरज नाही. मी शेतात मातीच्या बांधासमोर, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून अगदी तसंच केलं. 10 मीटरवर ग्रुप (छर्र्‍यांच्या भोकांचा पुंजका) मधोमध आला, एक रुपयाच्या नाण्याखाली झाकला जाईल एवढा. त्याच सेटिंगवर पुठ्ठा 20 मीटरवर नेला तर सगळे छर्रे साडेतीन सेंटिमीटर वर, आणि 25 वर चार सेंटिमीटर वर! ग्रुप तसाच घट्ट, फक्त जागा चुकीची, म्हणजे हात हलला वगैरे प्रश्नच नाही.

मग मी व्हर्नियर घेऊन मोजलं. काचेच्या मध्यापासून नळीच्या मध्यापर्यंत 65 मिमी भरतात. मित्राच्या क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) 8 ग्रेनच्या, म्हणजे साधारण अर्ध्या ग्रॅमच्या, छर्‍याचा वेग सेकंदाला 200 मीटरच्या आसपास आला. आता हिशोब सरळ आहे, नळी खाली आणि नजर वर, छर्रा खालून चढत येऊन 10 मीटरवर नजरेच्या रेषेला भेटतो, आणि साइट जितकी उंच तितकी नळी जास्त तिरकी करावी लागते, त्यामुळे भेटल्यावर तो तिथे थांबत नाही, वर चढतच राहतो. साइट 40 मिमी उंच असती तर याच वेगाला 20 मीटरवर फरक सेंटिमीटरभरच आला असता आणि 25 वर त्याहूनही कमी. म्हणजे तुमचा कागद बुटक्या माउंटसाठी बरोबर आहे, तोच उचलून तुम्ही उंच माउंटच्या बॉक्समध्ये टाकलाय.

फोन केला तर तुमचा प्रतिनिधी म्हणाला सहा क्लिक खाली घ्या. एक क्लिक, म्हणजे साइटच्या स्क्रूचा एक टप्पा, 1 एमओए (एका अंशाचा साठावा भाग), म्हणजे 10 मीटरवर 3 मिमी आणि 20 वर 6 मिमी. घेतले सहा क्लिक, 20 ला बरोबर झालं आणि 10 मीटरवर जवळपास दोन सेंटिमीटर खाली बसायला लागलं. परत फोन केला तर म्हणे "मग सर थोडं वर घ्या". हे उत्तर झालं का? खरं उत्तर असं आहे की या उंचीला 20 मीटरवर झिरो करायचं, मग 15 ते 25 मध्ये छर्रा अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास राहतो, 10 ला दोन सेंटिमीटर वर धरायचं आणि 5 मीटरवर चार. दोन ओळींत छापता आलं असतं.

दुसरं म्हणजे स्टॉप पिन, माउंट रेलवर सरकू नये म्हणून लावायची खीळ. फोटोत आहे, बॉक्समध्ये नाही. स्प्रिंग रायफल आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका देते, हे एअरगनचं सामान विकणार्‍याला माहीत असायलाच पाहिजे. रायफलच्या वरच्या 11 मिमीच्या डवटेल रेलवर (माउंट पकडायच्या खाचांच्या पट्टीवर) पिनशिवाय नुसते स्क्रू पकडून ठेवत नाहीत. मी माउंट आणि रेलवर मिळून नेलपॉलिशची रेघ मारून ठेवली होती, एका सकाळच्या नेमबाजीत ती रेघ तुटून माउंट मागे सरकलेलं दिसलं. सरकणार्‍या माउंटवर कसला झिरो करायचा?

हे एवढं लांबलचक लिहितोय कारण आमच्या कोल्हापुरात 2024 ला नेमबाज स्वप्नील कुसाळेला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळाल्यापासून घरोघरी पोरांना एअर रायफल हवी आहे. तुमचा कागद वाचून झिरो करणारा नवा मुलगा स्वतःच्या हातालाच दोष देत बसेल, आणि लहान पेलेट ट्रॅप (छर्रे अडवणारी पेटी) असेल तर चार सेंटिमीटर वर गेलेला छर्रा ट्रॅपच्या वरून निघून जाईल, मागे कोण उभं आहे कोणाला माहीत.

तर मला स्टॉप पिन तुमच्या खर्चाने पाठवा, नाहीतर सेट परत घेऊन पूर्ण पैसे द्या. प्रॉडक्टच्या पेजवर नुसती माउंटची उंची नको, रेलच्या वर काचेचा मध्य किती येतो तो आकडा टाका, कारण ग्राहकाला तोच लागतो. आणि हा कागद उंच माउंटच्या बॉक्समधून काढा, ज्यांना आधीच गेलाय त्यांना ईमेल करून कळवा. वापराच्या अपुर्‍या सूचना ही सुद्धा 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाचीच जबाबदारी आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आहे. बिल, पुठ्ठ्यांचे फोटो आणि सरकलेल्या रेघेचा फोटो सोबत जोडलाय.

आपला ग्राहक,
कोल्हापूर