ओपन सोर्सची चर्चा व्हॉट्सअ‍ॅपवर नको

संपादक महोदय,

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मराठी कीबोर्ड, फॉन्ट किंवा भाषांतराचे ओपन सोर्स (ज्याचा कोड सर्वांना खुला असतो असे) काम सुरू झाले की आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघतो. बैठकीची वेळ कळवायला तो ठीक. पण ‘दुसऱ्या’मधला ऱ्य कसा टाइप करायचा, याचे आज दिलेले उत्तर पुढच्या वर्षी येणाऱ्या विद्यार्थ्याला सापडत नाही. शिवाय प्रत्येकाचा मोबाइल नंबर अनोळखी लोकांपुढे उघडा पडतो. विद्यार्थिनींना ते नको असते, आणि बरोबरच आहे. स्लॅक हे कार्यालयीन चर्चेचे अ‍ॅप फुकट वापरले तर ९० दिवसांमागचे दिसत नाही.

आयआरसी ही इंटरनेटवरची जुनी गप्पा-व्यवस्था १९८८ पासून आहे, हलके आहे, कणकुंबीकडच्या अडखळत्या नेटवर्कवरही चालते. मात्र जोडणी तुटली की मधले निरोप गेले. दुसरी अडचण खास आपली: एका संदेशाला ५१२ बाइटांची मर्यादा, आणि देवनागरीत प्रत्येक अक्षरचिन्ह, अगदी काना-वेलांटीसुद्धा, ३ बाइट घेते. दीडशेच्या आसपास चिन्हे झाली की वाक्य तुटते.

मॅट्रिक्स ही अनेक सर्व्हर जोडणारी खुली संदेश-व्यवस्था तत्त्वाने उत्तम. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलानेही २०२० मध्ये आयआरसी सोडून तेच घेतले. पण मे २०२३ मध्ये केंद्राने बंदी घातलेल्या १४ अ‍ॅपमध्ये त्याचे मुख्य अ‍ॅप एलिमेंट होते, त्यामुळे नवख्याला काय बसवायला सांगावे हाच प्रश्न पडतो. तरी कुणी घेतलेच, तर सार्वजनिक रूमला एन्क्रिप्शन (संदेशांना किल्लीचे कुलूप) लावू नये. एकदा लावले की काढता येत नाही, आणि किल्ल्या हरवलेल्याला जुने संदेश वाचता येत नाहीत.

माझे मत झूलिप या ओपन सोर्स चर्चा-अ‍ॅपला. तिथे प्रत्येक संदेश चॅनेल आणि विषय यांखाली जातो. मराठी भाषांतराचे एक चॅनेल, कन्नडचे दुसरे, आणि आत ‘फाइल मेनू’, ‘जोडाक्षर तुटते’ असे विषय. चार दिवसांनी आलेला माणूसही त्याच विषयात उत्तर जोडू शकतो. चॅनेल ‘वेब-पब्लिक’ ठेवले तर लॉगिन न करता वाचता येते; नुसते ‘पब्लिक’ पुरत नाही. ओपन सोर्स प्रकल्पांना झूलिप आपली क्लाउड सेवा मोफत देते. सुरुवात तिथेच करावी.

स्वतःचा सर्व्हर हवाच असेल तर शंभराच्या आत सदस्यांना २ जीबी रॅम पुरते, त्यापुढे ४ जीबी धरा. हमखास अडते ते ईमेलवर: भाड्याच्या सर्व्हरवर ईमेल पाठवण्याची नेहमीची वाट, पोर्ट २५, बहुधा बंद असते, आमंत्रणे जात नाहीत आणि लोक झूलिपला दोष देतात. त्याऐवजी पोर्ट ५८७ वापरावे. मोबाइलवर सूचना हव्या असतील तर सर्व्हर झूलिपच्या सूचना-सेवेत नोंदवावा लागतो. शोधही तपासून घ्या. मूळ व्यवस्था इंग्रजीसाठी बेतलेली आहे, मराठीसाठी पीग्रूंगा हा जोड बसवावा. एवढे करूनही ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी साठवता येतो: नुक्त्याच्या ऱ ने, किंवा साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावून. दिसायला दोन्ही सारखेच, पण एक शोधले तर दुसरे सापडेलच असे नाही. तेव्हा सगळ्यांनी एकच कीबोर्ड मांडणी ठरवून घ्यावी.

अ‍ॅडमिन किमान दोघे असावेत, त्यातला एक प्राध्यापक. डोमेन शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या नावावर घेऊ नये, आणि बॅकअप दर महिन्याला त्याच सर्व्हरवर न ठेवता दुसरीकडे उतरवावा.

आपला,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव