वंशसंहार मान्य केला, जमिनीचे काय?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

वंशसंहाराच्या बातम्यांत मृतांचा आकडा असतो, न्यायालयाचे नाव असते. मारल्या गेलेल्यांची जमीन आणि गुरे पुढे कोणाच्या ताब्यात गेली, हे क्वचितच वाचायला मिळते. माझी सारी नोकरी महसूल खात्यात झाली, त्यामुळे लक्ष आधी तिकडेच जाते. म्हणून हे आफ्रिकेतल्या नामिबियाबद्दल.

हा मुलूख तेव्हा जर्मनीची वसाहत होता. कुरणे हातची चालली, तेव्हा जानेवारी 1904 मध्ये हेरेरो लोकांनी उठाव केला. ऑगस्टमध्ये वॉटरबर्ग येथे ते हरले. सेनापती फॉन ट्रोथाने त्यांना ओमाहेके वाळवंटात हुसकले आणि पाणवठे अडवले. जर्मन हद्दीत सापडलेल्या हेरेरोला, शस्त्र असो वा नसो, गुरे असोत वा नसोत, गोळी घातली जाईल, असे त्याचे 2 ऑक्टोबरचे फर्मान होते. हेरेरोंची मिळकत म्हणजे गुरेच. माणसांबरोबर तीही तहानेने मेली. पुढे नामा लोकही उठले आणि त्यांचीही तीच गत झाली. 1908 पर्यंत सुमारे 65 हजार हेरेरो आणि 10 हजार नामा मारले गेले, असे मानतात. उरलेल्यांना छावण्यांत कोंडून रेल्वेमार्गाच्या कामाला जुंपले.

त्यानंतर जे झाले ते कागदावर झाले. त्यांच्या जमिनी सरकारजमा करून गोऱ्या वसाहतकारांना देण्यात आल्या. 1907 च्या नियमांनी तर गव्हर्नरच्या परवानगीशिवाय जमीन किंवा गुरे बाळगायलाही त्यांना बंदी केली. ज्या कुरणाचा काल मालक, तिथेच आज गडी. खासगी मालकीच्या शेतजमिनीपैकी सुमारे 70 टक्के जमीन 2018 मध्येही तिथल्या मूठभर गोऱ्यांकडेच होती.

एखाद्या गटाचा नाश व्हावा म्हणून जगणे अशक्य करणारी परिस्थिती त्याच्यावर लादणे, हाही 1948 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार वंशसंहारच. पण त्या करारात भरपाईचे कलम नाही. बेकायदा कृत्य करणाऱ्या राष्ट्राने नुकसान भरून द्यावे, हे तत्त्व मात्र आंतरराष्ट्रीय कायद्यात आहे, आणि म्हणूनच एकेका शब्दावर घासाघीस चालते. मे 2021 मध्ये जर्मनीने ‘आजच्या दृष्टीने’ तो वंशसंहार होता असे मान्य केले, 30 वर्षांत 110 कोटी युरो देऊ केले, पण ती भरपाई नव्हे, विकासासाठीची मदत, असे बजावले. वर्षाला पावणेचार कोटी युरोही पडत नाहीत! हेरेरो आणि नामांच्या अनेक नेत्यांनी हा तोडगा धुडकावला. मला त्यांचेच बरोबर वाटते.

1948 चा करार मागच्या काळाला लागू होत नाही, हा जर्मनीचा युक्तिवाद मला पटत नाही. ज्यूंचा संहारही 1948 पूर्वीचाच. तरी पश्चिम जर्मनीने 1952 मध्ये इस्रायलला 300 कोटी मार्क देण्याचा करार केलाच, आणि ते योग्यच केले. मग हेरेरोंच्या वेळी तारीख आडवी का यावी?

आपल्या दैनिकाला एकच विनंती आहे. अशा खटल्यांच्या बातम्या देताना मृतांच्या आकड्यापाशी थांबू नका. त्यांच्या जमिनीचा सातबारा, म्हणजे तिथला जो काही दप्तरी कागद असेल तो, आज कोणाच्या नावावर आहे, हेही छापा.

आपला,
एक निवृत्त मंडळ अधिकारी, सातारा