राजीनामा देण्याआधी

कोल्हापूर,
रविवार

प्रिय सुमे,

तुझं पत्र परवाच मिळालं, पण सलग चार नाईट होत्या, म्हणून आज लिहायला बसले. 'दुसऱ्या हॉस्पिटलात तीन हजार जास्त मिळतायत, जाऊ का?' एवढंच विचारलंस. फोनवर हो-नाही सांगून मोकळी झाले असते, पण मन मानेना.

पगार महत्त्वाचाच. 'सेवा समजा' म्हणणाऱ्यांचं मी आता ऐकून घेत नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या समितीनं ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी दवाखान्यातही नर्सला २०,००० च्या खाली पगार नको, असं सुचवलं होतं. २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका. आपल्या बॅचच्या कितीजणींच्या हातात तेवढे पडतात, ते तुला ठाऊक आहे.

तरी मागची नोकरी मी पगारासाठी सोडली नव्हती. तिथं रात्री छत्तीस पेशंट आणि आम्ही दोघी. तीन पेशंटमागे एक नर्स टीचिंग हॉस्पिटलात, पाचांमागे एक इतर ठिकाणी, हे नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण आपण पाठ करून मार्क मिळवले होते ना? एका रात्री कागलकडचे एक आजोबा, खुब्याचं ऑपरेशन झालेले, म्हणाले, "पोरी, जरा कूस बदलून दे." मी म्हटलं, "आलेच, तेवढी सलाइन लावते." मग एकाचं रक्त सुरू केलं, दुसऱ्याला थंडी वाजून ताप भरला, त्यात नवीन ॲडमिशन. सकाळी पुढच्या पाळीला ओव्हर देताना आजोबा आठवले. तसेच पडून होते, चादरीचं टोक मुठीत आवळून. रागावलेसुद्धा नाहीत. "तुमास्नी बी लई काम हाय," म्हणाले. घरी जाताना रंकाळ्यावर गाडी थांबवून मी रडले गं. काम येत असून ते नीट करायला मिळत नाही, यानं जेवढं थकायला होतं तेवढं बारा तास उभं राहून होत नाही.

आता आहे तिथं पगार बाराशेनं कमी आहे. पण महिन्याची ड्युटी लिस्ट पंचवीस तारखेलाच लागते, म्हणून यंदा चिनूचं गॅदरिंग बघितलं. मागच्या महिन्यात दोन सारख्या दिसणाऱ्या ॲम्प्यूलमध्ये माझी गफलत होता होता राहिली. घाबरतच इन्चार्ज सिस्टरांना सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. दुपारपर्यंत दोन्ही औषधं वेगळ्या ट्रेमध्ये गेली, वर लाल पट्टी. आणि एका डॉक्टरांनी नातेवाइकांसमोर माझ्यावर आवाज चढवला तेव्हा त्याच मध्ये आल्या, "सर, काय बोलायचं ते आत बोलू."

त्यांनीच सांगितलं, अमेरिकेत १९८३ साली नर्सेस कुठं टिकतात हे शोधलं. १६३ हॉस्पिटलं बघितली, त्यातली नर्सेस टिकणारी ४१ निवडली. तिथंही हेच निघालं: पुरेसा स्टाफ, पाठीशी उभी राहणारी वरिष्ठ आणि कामात नर्सचा शब्द. सातासमुद्रापार गेलं तरी आपल्याच वॉर्डातलं दुखणं!

म्हणून सुमे, होकार द्यायच्या आधी एकदा रात्री नऊच्या पुढं त्या वॉर्डात जाऊन ये. खाटा मोज, सिस्टर किती आहेत बघ. भिंतीवर पुढच्या महिन्याची लिस्ट लागलीय का बघ. आणि ड्युटीवरच्या पोरीला विचार, जेवलीस का म्हणून.

शनिवारी मला ऑफ आहे. येत असशील तर कळव, तांबडा-पांढरा करते. अण्णांच्या गुडघ्याचं काय झालं तेही लिही.

तुझीच,
वंदा