मोहेअर ताण्यात लावू नकोस

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाला. नव्या हातमागाशेजारी मोहेअरच्या, म्हणजे अंगोरा बकरीच्या केसाळ लोकरीच्या, लड्यांचा तो ढीग बघून हसूच आलं. माझाही एक ताणा, म्हणजे मागावर आधी ताणून लावलेले उभे धागे, मोहेअरचा होता. पायाखालची पावडी दाबली की अर्धे धागे वर जायचे आणि अर्धे शेजाऱ्याच्या गळ्यात पडायचे. बोटांनी सोडवून सोडवून कंटाळले, शेवटी कात्री लावली. तुझ्या लड्या मात्र वाया जायच्या नाहीत. गुळगुळीत सुती ताणा लाव, बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यात, मोहेअर घाल आणि फणी, तो बाणा ठोकून बसवणारा कंगवा, अगदी हलकी मार.

बाण्यात हवे ते लाड कर. गाठीचं सूत, एकेरी लोकर, खरखरीत रेशीम, काहीही चालतं. ताण्याचं सूत मात्र नुसतं आवडलं म्हणून घ्यायचं नाही. त्याला ताणही सोसायचा असतो आणि फणीचं घासणंही. घेण्याआधी वीतभर धागा दोन्ही हातांत धरून हिसका दे. टचकन तुटला, किंवा पीळ सुटून सरकत लांबला, तर तो बाण्याचा. मग तोच धागा नखावरून चार-पाचदा ओढ. लव निघून गोळे झाले तर फणीतही तेच होणार. लिनन कितीही मोह घालो, थोडं थांब. ते मजबूत असतं, पण ताणत जवळजवळ नाही; एखादा धागा सैल राहिला की शेवटपर्यंत लोंबत छळतो.

८/२ म्हणजे काय, विचारलं होतंस. ८ नंबरच्या धाग्याचे २ पदर एकत्र पिळलेले. सुती धाग्यात नंबर म्हणजे १ पौंडात ८४० वारांच्या किती लड्या बसतात तो आकडा. म्हणून नंबर वाढला की सूत बारीक. ८ गुणिले ८४०, आणि पदर २ म्हणून त्याचं निम्मं: ८/२ चं १ पौंड सूत ३३६० वार भरतं. लोकरीचा हिशेब निराळा असतो, तेव्हा दोन्हीकडे ८/२ दिसलं तरी जाडी सारखी धरू नकोस.

ताण्यात इंचाला किती धागे लावायचे? पट्टीवर १ इंचभर धागा शेजारी शेजारी गुंडाळ, न दाबता. २४ वेढे बसले तर साध्या विणीला १२, ट्विलला, म्हणजे तिरप्या रेघांच्या विणीला, १६. हा नुसता अंदाज. वीतभर नमुना विण आणि धुऊन वाळव. मागावर जाळीसारखं दिसणारं लोकरीचं कापड धुतल्यावर भरून येतं.

आणि तू म्हणतेस तो लाल-हिरवा ताणा-बाणा! दोन्ही धागे एकत्र पिळून हातभर लांबून बघ. मला तरी त्यात मातकट तपकिरीच दिसेल असं वाटतंय. तुला आवडला तर लाव बापडी.

नमुन्याचा तुकडा धुतलेलाच पाठव. आणि त्या राखाडी मोहेअरची एक लडी माझ्यासाठी बाजूला ठेव.

तुझी,
आई