अभ्यासिका भरलेली, पुस्तकांच्या कपाटाला कुलूप

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात भाचीला घेऊन शहरातील एका जुन्या वाचनालयात गेले होते. ती नववीत आहे आणि तिला जंगलाविषयी मराठीतून वाचायचे होते. दालनात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी तीस-चाळीस मुले-मुली मान खाली घालून बसली होती, एकही खुर्ची रिकामी नव्हती. देवघेव विभागाच्या कपाटांना मात्र कुलूप होते आणि किल्ली ज्यांच्याकडे होती ते सायंकाळी सहानंतर येणार होते. जंगलाविषयी मराठीत लिहिणारे मारुती चितमपल्ली यांचा जन्म 1932 साली याच सोलापुरात झाला, 2006 साली इथेच भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते आणि जून 2025 मध्ये त्यांचे निधनही इथेच झाले. त्यांचे पुस्तक त्यांच्याच गावातल्या मुलीला काचेआडून पाहून परतावे लागले, याचे मला फार वाईट वाटले.

अभ्यासिकांना माझा विरोध नाही. पूर्व भागात जिथे घरातच विड्या वळल्या जातात, शेजारी यंत्रमाग खडखडत असतो, तिथल्या मुलाला दिवा, पंखा आणि शांतता असलेली एक खुर्ची मिळणे ही मोठी गोष्ट आहे. परंतु तो मुलगा स्वतःची पुस्तके घेऊन येतो. वाचनालयाच्या संग्रहाशी त्याचा संबंध येत नाही. खुर्चीचे मासिक शुल्क हमखास जमा होते आणि पुस्तके घरी नेणाऱ्यांची वर्गणी आटत जाते, म्हणून कार्यकारिणीही हळूहळू खुर्च्याच वाढवत राहते.

दोष केवळ कार्यकारिणीचा नाही. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 चा असून त्यात ग्रंथालय कराची तरतूद नाही. संस्थांनी चालवलेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड वर्गाप्रमाणे सरकारी अनुदान मिळते आणि त्यातूनच पगार, वीजबिल व ग्रंथखरेदी भागवावी लागते. आपल्या सीमेपलीकडे कर्नाटकात, विजयपूर-कलबुर्गीकडे, 1965 च्या कायद्यानुसार मालमत्ता करावर सहा टक्के ग्रंथालय उपकर घेतला जातो. तिथेही सारे आलबेल असेल असे मी म्हणत नाही, पण ग्रंथालयासाठी नागरिकाने थेट काही द्यावे हे तिथे कायद्याने मान्य केलेले आहे.

माझे वडील गिरणीत होते. पहिली पाळी सुटल्याचा भोंगा झाला की ते घरी येण्याआधी पेठेतल्या वाचनालयात जात. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यासाठी कोणीतरी वर्तमानपत्र मोठ्याने वाचत असे, आणि त्या ऐकणाऱ्यांत घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारेही असत. त्या वाचनालयाची वेळ गिरणीच्या पाळ्यांशी जुळवलेली होती. गिरण्या बंद पडल्या, कामाच्या वेळा बदलल्या, वाचनालये मात्र सकाळचे तीन तास आणि संध्याकाळचे तीन तास सोडायला तयार नाहीत. दुपारी विड्या कारखान्यात देऊन पान-तंबाखू घेऊन परतणाऱ्या बाईला वाटेतले वाचनालय बंदच दिसते. (तिला वाचायला आवडत नाही, असे आपण परस्पर ठरवून टाकले आहे.)

अभ्यासिकेच्या प्रत्येक सभासदाला त्याच शुल्कात दर आठवड्याला एक पुस्तक घरी नेऊ द्यावे आणि त्या शुल्काचा ठरावीक वाटा नव्या ग्रंथांसाठी राखून ठेवावा, अशी माझी शहरातील वाचनालयांना विनंती आहे. मराठीच्या जोडीला तेलुगू, कन्नड आणि उर्दू पुस्तकांची निदान एकेक फळी असावी. कपाटे उघडी असावीत. चार पुस्तके हाताळल्याशिवाय मुलांना पाचवे आवडत नाही, हे तीस वर्षे वर्गात शिकवताना मी रोज पाहिले आहे. मनुष्यबळ नाही ही अडचण खरी आहे. कोणतेही वाचनालय रविवारी दुपारी देवघेव सुरू ठेवणार असेल, तर किल्ली घेऊन तिथे दोन तास विनामोबदला बसायला मी तयार आहे, आणि माझ्यासोबत निवृत्त झालेल्या आणखी दोघी शिक्षिकांनीही होकार दिला आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
साखर पेठ, सोलापूर